बोटाने बसवलेले बोल्ट

त्याला सगळे भिंगरी म्हणत. पायाला भिंगरी लागलेला माणूस, म्हणून. नाव कामावर पडलं, पण त्याच्याआधी घरी पोचलं. बायकोचा मोठा भाऊ गवंडी होता. तो तोंडावर ‘दाजी’ म्हणायचा आणि पाठ फिरली की ‘भिंगरी’.

भिंगरीचं काम लोखंडी सांगाडे उभे करायचं. इमारतीची हाडं म्हणा. खांब आणि तुळया कारखान्यात मापाने कापून, भोकं पाडून यायच्या. क्रेन त्या वर न्यायची आणि हा वर बसून त्या जोडायचा. हातात एकच हत्यार. एका टोकाला पाना, दुसरं टोक मुळ्यासारखं निमुळतं. निमुळतं टोक दोन भोकांतून घालायचं, अंगाचा भार देऊन तुळई जागेवर ओढायची, शेजारच्या भोकात बोल्ट सोडायचा, नट बोटांनी फिरवायचा आणि पुढच्या जोडाकडे सरकायचं. पाना लावायचा नाही. पाना शेवटी.

ही त्याच्या कामाची रीत होती आणि त्यात तो कुणाचं ऐकून घेत नसे. भोक बोल्टापेक्षा किंचित मोठं असतं, त्यामुळे प्रत्येक जोडात थोडी ढील राहते. सगळा सांगाडा त्या ढिलीवर उभा करायचा. मग ओळंबा, म्हणजे दोरीला टांगलेलं वजन, सोडायचा, तारांनी ओढून, पायाखाली पातळ पट्ट्या सारून एकेक खांब सरळ करायचा. सगळे खांब ओळंब्यात आले की मगच आवळायचं. आधी आवळलं तर वाकडेपणा कुठेतरी आत अडकतो आणि शेवटच्या तुळईला बाहेर येतो.

सैल सांगाडा हलतो. वर बसलेल्याला नावेत बसल्यासारखं वाटतं. नवा माणूस घाबरतो आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून एखादा नट हळूच आवळतो. असे कितीतरी जण भिंगरीने पकडून खाली धाडले होते. ‘घाबरायचंय ना, मग जमिनीवर जाऊन घाबर,’ एवढंच म्हणायचा.

सांगाडा उभा राहिला की या लोकांचं काम संपायचं. भिंती, काचा, रंग हे मागून येणाऱ्यांचं. भिंगरीने उभ्या केलेल्या इमारती गावोगाव होत्या, पण त्यातली एकही त्याने पुरी झालेली आतून पाहिली नव्हती. तोवर तो दुसऱ्या गावी दुसऱ्या खांबावर असायचा. सुरुवातीला बायको आणि मुलगी त्याच्याबरोबर फिरल्या. भाड्याच्या खोल्या, दर वेळी नवी शाळा. मग बायकोने एकदा शांतपणे सांगितलं की आता ही पोर एका जागी शिकेल. ती भावाच्या घरी राहायला आली आणि तिथलीच झाली. भिंगरी येऊन-जाऊन. त्याची बॅग दारामागच्या खुंटीला लटकलेली असायची, अर्धी भरलेली.

वर जाणं थांबलं ते कानामुळे. एक दिवस उंचावर कान गच्च झाला आणि समोरची तुळई दोन दिसायला लागली. दोन्हींपैकी खरी कुठली ते कळेना. तो बसला, डोळे मिटले, बसूनच सरकत खाली आला आणि मुकादमाला म्हणाला, ‘माझं झालं.’ कुणी विचारलंही नव्हतं. स्वतःहून सांगितलं, कारण वरचा माणूस पडला तर एकटा पडत नाही.

घरी आला आणि घरच्यांचे हाल सुरू झाले.

त्याला बसवत नसे. जेवण उभ्याने, ताट ओट्यावर ठेवून. बसला तर एक पाय सारखा हलायचा, इतका की शेजारी ठेवलेल्या कपातल्या चहाला लाटा यायच्या. दिवसभर गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. घरात जे जे सैल होतं ते त्याने आवळलं. कपाटाच्या बिजागऱ्या, खुर्च्यांचे पाय, कढईचे कान. कुकरची मूठ इतकी आवळली की ती चिरली. बायको म्हणाली, ‘अहो, एखादी वस्तू राहू दे की सैल. आपल्याला श्वास घ्यायला.’ मेहुणा ओसरीत बसून हसायचा. दोन माणसं एकाच घरात, दोघांनी जन्मभर घरं उभी केलेली. एकाने विटेवर वीट ठेवून, दुसऱ्याने बोल्टात नट घालून. एकमेकांचं काम दोघांनाही काम वाटत नव्हतं.

अशातच मुलीच्या घरमालकाने जागा मागितली.

मुलगी त्याच शहरात दवाखान्यात नर्स होती, जावई बसडेपोत मेकॅनिक, पदरात एक लहान मुलगी. जावयाला दुसऱ्या गावच्या डेपोत बदली मिळत होती, सोबत राहायला क्वार्टर. जायचं तर दोन महिन्यांत कळवायचं होतं. राहायचं तर जागा हवी होती, आणि मामाच्या घरात खाली आणखी तिघं मावत नव्हती. बायको काही रडली-बिडली नाही. भांडी घासता घासता एवढंच म्हणाली, ‘ती गेली तर मी बोलायचं कुणाशी? तुमच्याशी? तुम्ही उभे तरी कुठे राहता एका जागी.’

त्या दुपारी भिंगरी गच्चीवर गेला आणि खूप वेळ चकरा मारत राहिला. खाली आला तेव्हा त्याच्या डोक्यात खोली उभी होती.

मेहुण्याने ऐकून घेतलं आणि नकाराची मान हलवली. हे घर त्याने वडिलांबरोबर स्वतःच्या हाताने बांधलं होतं. त्याच्या भिंतींत किती दम आहे ते त्याला ठाऊक होतं, आणि वर विटांची खोली आणि स्लॅब चढवण्याइतका नाही हेही त्याने कधी लपवलं नव्हतं. ‘नाहीतर मीच नसती का बांधली?’ तो म्हणाला. ‘माझ्या भिंतींवर तुमचं लोखंड ठेवू देणार नाही, दाजी.’

‘तुमच्या भिंतींना हात लावत नाही, दादा. घराच्या बाहेरून सहा खांब, वेगळ्या पायांवर. वरून आडव्या तुळया. घर खाली, खोली वर. मध्ये फट.’

‘म्हणजे माझ्या डोक्यावर टेबल ठेवणार.’

‘टेबलच. तुम्ही खाली निवांत जेवा.’

मग वाद झाला. तो बरेच दिवस चालला आणि त्यात दोघांनाही मजा येत होती. मेहुणा म्हणे, लोखंड गंजतं. भिंगरी म्हणे, गंजतं, म्हणून रंगवायचं. मेहुणा म्हणे, तापेल. भिंगरी म्हणे, दुहेरी भिंत करू, मध्ये कापसासारखं भरण घालू. मेहुणा म्हणे, वर कुणी चाललं की खाली ढोल वाजेल. हे भिंगरीने मान्य केलं, कारण ते खरं होतं. पण त्याच्याकडेही सांगण्यासारखं होतं. गल्ली इतकी अरुंद की वाळू-खडी टाकायला जागा नाही, आणि लोखंड खांद्यावरून आत येतं. टेकू लावायचे नाहीत, म्हणजे खाली घरात राहता येतं, चूलही बंद ठेवायला नको. खोलीच्या मध्ये खांब नाही, पाळणा टांगा नाहीतर पलंग टाका. आणि पाया सुकत असताना तिकडे कारखान्यात लोखंड कापून तयार होतं, एकासाठी दुसरं थांबत नाही. विटेला ते जमत नाही, वीट खालच्या विटेची वाट बघते.

‘फक्त एक आहे,’ भिंगरी शेवटी म्हणाला. ‘लोखंड लक्ष मागतं. दर थोड्या वर्षांनी खरवडून रंग. बोल्टांवरून हात.’

‘आणि ते द्यायला तुम्ही इथे असणार?’ मेहुण्याने विचारलं. हसत विचारलं, पण बायकोचा हात भांड्यावर थांबला. भिंगरी गल्लीत निघून गेला. त्याच आठवड्यात त्याच्या जुन्या क्रेनवाल्याचा फोन येऊन गेला होता. लांबच्या शहरात मोठ्या गोदामाचं काम निघालं होतं. वर चढायचं नाही, खाली उभं राहून पोरांकडून करून घ्यायचं, मुकादमाने मुद्दाम तुझं नाव घेतलंय. भिंगरी हो म्हणाला नव्हता. नाहीही म्हणाला नव्हता. पण खुंटीवरच्या बॅगेची धूळ झटकलेली बायकोला दिसली होती.

मुलीला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘बाबा, तुम्ही सुरू करता हे मला माहीत आहे. उभं राहिलं की बघायला येते. मग सांगते.’

शेवटी मेहुणाच फावडं घेऊन आला, आणि खड्डे दोघांनी खणले. घराच्या दोन्ही अंगांना माणूस अंग तिरकं करून जाईल एवढीच जागा. फावडं मागे घ्यायचं तर कोपर भिंतीला लागे. माती घमेल्याने पुढच्या दारी न्यायची, तिथून गल्लीच्या तोंडाशी. दोघांचीही वयं अशा कामाची राहिली नव्हती आणि दोघंही ते कबूल करत नव्हते. एक थांबला की दुसरा थांबायचा, आणि पहिला म्हणायचा, ‘मी नाही थांबलो, फावडं बघत होतो.’ काँक्रीट मेहुण्याने केलं. पायातून वर येणारे बोल्ट कुठे उभे राहायचे त्यासाठी भिंगरीने फळीचा फर्मा बनवला होता. मेहुण्याने तो असा बसवला की भिंगरीला मोजून बघायला काही उरलं नाही. तरी त्याने मोजलं. मेहुणा बाजूला उभा राहून म्हणाला, ‘मोजा, मोजा. मी काय आज आलोय या धंद्यात.’

मग काँक्रीट मुरायची वाट. ते दिवस सगळ्यात वाईट गेले. भिंगरी सकाळ-दुपार-संध्याकाळ पाणी मारत राहिला. मेहुणा म्हणाला, ‘बुडेल हो ते.’ भिंगरी कारखान्यात जाऊन कापाकापी बघून आला, परत आला, परत गेला.

लोखंड आलं ते गल्लीच्या तोंडाशी टेम्पोतून उतरलं आणि मेहुण्याच्या ओळखीच्या बिगाऱ्यांनी खांद्यावर आत आणलं. गच्चीवर तीन पायांचा घोडा उभारून साखळीची कप्पी टांगली. बाकी दोघंच. मेहुणा साखळी ओढायचा आणि भिंगरी टोकाशी. उंची फार नव्हती, खाली लगेच गच्ची होती. तेवढ्याने कान त्रास देत नव्हता. त्याला पुन्हा नवे हात फुटल्यासारखं झालं. निमुळतं टोक भोकात, भार, बोल्ट, नट बोटांनी, पुढे. बघता बघता खांब उभे राहिले, तुळया आडव्या पडल्या, तात्पुरत्या फळ्या टाकल्या. शनिवारी दुपारी फक्त मागची, स्वयंपाकघरावरची एक तुळई उरली. गल्लीतली माणसं माना वर करून बघून जात होती. मेहुणा वर बघत म्हणाला, ‘एवढ्या वेळात माझी भिंत गुडघ्याला लागली असती.’ याहून जास्त तो म्हणणार नव्हता.

बायको शिडीने वर आली. नव्या तुळई आणि जुन्या गच्चीच्या मधल्या फटीत तिने हात घालून पाहिला. हात आरपार गेला. मग ती फळीवर चढली आणि सांगाडा तिच्या पावलाबरोबर हलला. तिने खांब धरला.

‘हलतंय हो.’

‘हलणारच. अजून आवळलं नाही.’

‘बरं,’ ती म्हणाली आणि खांबावरचा हात न सोडता शिडीपर्यंत गेली. खाली मागच्या दारी पायरीवर ती बराच वेळ नुसतीच बसून होती, हे त्याला वरून दिसलं.

संध्याकाळी मुलीचा फोन. जावयाला सोमवारी डेपोत कळवायचं आहे. उद्या सकाळी येऊन बघून जातो.

भिंगरी फोन ठेवून वर गेला. फळीवर उभा राहून त्याने अंगाचा भार या पायावरून त्या पायावर घेतला. सांगाडा हलला. त्याला मुलगी नातीला कडेवर घेऊन वर येताना डोळ्यांपुढे दिसली. पहिलं पाऊल टाकते, खांब धरते, तोंड तसंच होतं जसं बायकोचं झालं. बापाने आयुष्यभर हलतीच घरं दिली, हे तिने म्हटलं नसतं. म्हणायची गरजच नव्हती. ओळंबा खाली ट्रंकेत होता. सहा खांब सरळ करायचे म्हणजे उद्याचा पूर्ण दिवस, तोही दुसरा माणूस खाली उभा असेल तर. त्याने पाना उचलला.

एकदा सुरुवात झाल्यावर हात थांबले नाहीत. पहिला नट आवळताना मनात काहीतरी टोचलं. दुसऱ्याला कमी टोचलं. अंधार पडायच्या आत त्याने सगळे जोड आवळले, तिरक्या पट्ट्याही ताणून घट्ट केल्या. पान्यावर भार देताना खांद्यात जो जुना गोडवा येतो तो आला. मेहुणा खाली उभा राहून बघत होता. त्याला या कामाचा क्रम माहीत नव्हता, त्याला वाटलं असंच असतं.

रविवारी मुलगी आली. शिडी चढली, फळीवर उभी राहिली, आणि लहानपणी नव्या खोलीत गेल्यावर करायची तसंच केलं, टाच आपटून पाहिली. काही हललं नाही. तिने आणखी एकदा आपटली आणि हसली. मग ती इकडून तिकडे चालली. इथे पलंग, इथे कपाट, खिडकी या अंगाला, म्हणजे सकाळचं ऊन. मध्ये खांब नाही हे तिच्या लक्षात आलं, जावयाच्याही. तो मेकॅनिक, त्याने एक नट हाताने चाचपला आणि मान डोलावली. ‘पक्कं आहे,’ तो म्हणाला. भिंगरीने दुसरीकडे बघितलं.

जाताना मुलगी आईजवळ थांबून काहीतरी बोलली. आईचा चेहरा उजळला तो गल्लीच्या तोंडापर्यंत तसाच होता. पडद्यांची मापं घ्यायला उद्या ड्युटी संपली की येते, म्हणाली.

ती गेली आणि दोघांनी शेवटची तुळई उचलली. मेहुण्याने साखळी ओढली, तुळई वर आली. एक टोक बसलं, बोल्ट गेला. दुसऱ्या टोकाला भिंगरीने भोकातून पाहिलं. पूर्ण गोल दिसायला हवा होता, चंद्रकोर दिसली. अर्ध्या भोकाचा फरक. त्याने निमुळतं टोक घातलं आणि सगळा भार दिला. पान्याचा दांडा वाकेल असं वाटलं, तुळई हलली नाही.

‘कारखान्याची चूक?’ मेहुण्याने खालून विचारलं.

‘नाही,’ भिंगरी म्हणाला.

तो खाली गेला, ट्रंकेतून ओळंबा काढला, वर येऊन एकेका खांबाला सोडला. सगळे गल्लीकडे झुकलेले. थोडेच. डोळ्याला दिसणार नाहीत इतके. पण सगळे एकाच बाजूला, आणि आवळलेले.

मेहुण्याला त्याने ‘उद्या बघू’ म्हटलं आणि तो बाहेर पडला. गल्ली, मग मोठा रस्ता, मग बंद दुकानांची रांग, परत गल्ली. वाट काय आहे ते त्याला पक्कं माहीत होतं. कारखान्यातून गॅसकटर आणायचा, भोक लांबट करायचं, बोल्ट घालायचा, मोठा वायसर लावायचा. दुपारच्या आत तुळई बसते. वरून भिंत येते, भिंतीवर रंग. कुणी कधी बघणार नाही. पडणारही नाही, एवढ्याने पडत नाही. फक्त दार नीट लागणार नाही, भिंतींच्या फळ्यांचे सांधे उघडे पडत राहतील, आणि त्या एका जोडावर भार जिथे यायचा तिथे यायचा नाही. असं भोक कापताना धरलेल्या माणसाला त्याने एकदा साऱ्या टोळीसमोर कामावरून काढलं होतं.

मोठ्या रस्त्यावर असतानाच क्रेनवाल्याचा फोन आला. ‘अरे, येतोस की नाही? मुकादम दुसरा बघतोय. परवा निघ, मी स्टँडवर येतो.’ मागे क्रेनचा आवाज येत होता. लोखंडावर लोखंड टेकल्याचा तो आवाज ऐकून भिंगरीच्या पायांना जणू रस्ता मिळाला. भोक कापायचं, तुळई बसवायची, बॅग उचलायची. सांगाडा उभा राहिला की निघायचं, पुढचं मागून येणाऱ्यांचं. तो आयुष्यभर तसाच निघत आला होता. ‘सकाळी सांगतो,’ तो म्हणाला.

घरी आला तर बायकोने ताट वाढून ठेवलं होतं, ओट्यावर, त्याच्या उंचीला.  पडद्याचं जुनं कापडही बाहेर काढून ठेवलं होतं, रंग चालेल का ते बघायला.

सोमवारी सकाळी मेहुणा दात घासत दाराबाहेर आला तेव्हा वरून पान्याचा आवाज येत होता. त्याने वर बघितलं. भिंगरी नट सोडत होता.

‘दाजी, परवा आवळलं, आज सोडता?’

‘ओळंबा न बघता आवळलं होतं.’

‘तुम्ही?’

‘मी.’

‘का?’

‘ती येणार होती म्हणून. हललं असतं तर घाबरली असती.’

मेहुणा चूळ भरायचं विसरला. तोंडात फेस तसाच ठेवून तो घराभोवती एक फेरी मारून आला, खांबांकडे बघत. मग चूळ भरली. चेष्टा करायची इतकी आयती संधी त्याला परत मिळाली नसती. तो एवढंच म्हणाला, ‘आमच्यात असं झालं असतं तर घण घेऊन फोडावं लागलं असतं. तुमचं बरं आहे. सोडलं की मोकळं.’ आणि आत जाऊन स्वतःचा पितळी ओळंबा घेऊन आला.

आवळण्यापेक्षा सोडायला जास्त कष्ट पडतात. घट्ट बसलेला नट पहिल्या झटक्याला हाताची परीक्षा बघतो, आणि भिंगरीने ते सगळे मन लावून आवळलेले होते. दुपारपर्यंत खांद्यात गोडवा-बिडवा काही राहिला नाही. पण सांगाडा पुन्हा सैल झाला, पुन्हा श्वास घ्यायला लागला. मग ते एकेका खांबाला लागले. भिंगरी वर तार ओढणार, मेहुणा खाली डोळा बारीक करून सांगणार, ‘अजून. अजून जरा. थांबा. गेलं पुढे.’ गवंड्याची नजर. भिंगरीने कामावर महागडी यंत्रं पाहिली होती, पण खाली उभं राहून असं बजावणारा माणूस त्याला क्वचितच मिळाला होता. हे तो बोलला मात्र नाही.

पाच खांब झाले. शेवटच्याला लागले होते आणि मुलगी शिडीवर दिसली. दवाखान्याचे कपडे, हातात मापाची टेप. ती फळीवर आली आणि सांगाडा हलला. तिने खांब धरला. तोंड अगदी आईसारखं झालं.

‘काल तर हलत नव्हतं.’

भिंगरीच्या हातात तारेचं टोक होतं, ते सोडता येत नव्हतं. तसाच उभा राहून त्याने सांगितलं. काल हलू नये म्हणून आदल्या संध्याकाळी आवळलं होतं. वाकडं होतं तसंच आवळलं होतं. शेवटची तुळई बसत नाही म्हणून आज सगळं सोडलं. आता सरळ करतोय.

ती ऐकत राहिली. रागावली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

‘यांना संध्याकाळच्या आत डेपोत सांगायचंय,’ ती म्हणाली. ‘मी काल बघितलं त्यावरून हो म्हणाले होते.’

‘माहीत आहे.’

‘मग आता हे कधी हलायचं थांबणार?’

‘सगळे खांब ओळंब्यात आले की आवळीन. मग नाही हलणार.’

‘कोण आवळणार? आई म्हणाली, बॅग झटकून ठेवलीय.’

खाली मेहुण्याने खोकल्यासारखं केलं. भिंगरीने तारेचा आणखी एक वेढा हाताला घेतला. मोठी वाक्यं त्याला कधी जमली नव्हती, तिला लहानपणी सुट्टीवरून निघतानाही जमली नव्हती.

‘आवळायचं मलाच,’ तो म्हणाला. ‘भिंतीही मलाच घालायच्यात. आणि नंतर रंगही. लोखंडाला रंग लागतो. दर थोड्या वर्षांनी लागतो.’

 मग टेप खाली ठेवून तिने विचारलं, ‘दोरी धरू का?’

तिने ओळंब्याची दोरी खांबाच्या माथ्याशी धरली. पितळी वजन खाली लोंबलं आणि झुलायला लागलं. ते थांबेपर्यंत काही करता येत नाही, वाट बघायची. तिघं बघत राहिली. ओळंबा झुलत राहिला. कमी व्हायचा, परत वाढायचा. वारा नव्हता.

‘वर कोण हलतंय?’ मेहुणा खालून म्हणाला.

‘मी नाही,’ मुलगी म्हणाली.

मग तिने खाली बघितलं. बापाचा डावा पाय चालू होता. टाच फळीला टेकवून चवडा खाली-वर, कपातल्या चहाला लाटा आणायचा तोच पाय. फळीतून तुळईत, तुळईतून खांबात, खांबातून दोरीत. सैल सांगाडा काहीच लपवत नाही.

‘बाबा,’ ती हळूच म्हणाली. ‘पाय.’

त्याने पायाकडे बघितलं, जणू तो दुसऱ्याचा आहे. मग टाच आणि चवडा दोन्ही टेकवले आणि भार दोन्ही पायांवर सारखा घेतला. त्याच वेळी खिशातला फोन थरथरायला लागला. क्रेनवाला असणार. हात तारेत गुंतलेले होते. फोन थरथरला, थांबला, परत थरथरला. मुलीने दोरी एका हातात घेतली, दुसऱ्या हाताने त्याच्या खिशातून फोन काढला आणि त्याच्याकडे बघितलं.

‘सांग त्याला, माझं काम चालू आहे,’ तो म्हणाला. ‘येणार नाही.’

तिने तसंच सांगितलं, त्याच शब्दांत, आणि फोन स्वतःच्या खिशात टाकला.

ओळंबा मंद झाला. भिंगरी उभा होता. पोटऱ्यांत मुंग्या आल्या, गुडघा उचकायला बघत होता, मान खाजत होती. तो उभा होता. इतका वेळ एका जागी तो उंचावर, कान गच्च झाला होता तेव्हाही थांबला नव्हता. दोरी सरळ झाली आणि पितळेचं टोक एका बिंदूवर येऊन राहिलं.

‘आता,’ मेहुणा म्हणाला. ‘तार जरा ओढा. जरा. बास.’

स्वयंपाकघरावरच्या तुळईच्या भोकातून पूर्ण गोल दिसला. बोल्ट त्याने मुलीच्या हातात दिला. तिने तो भोकात सोडला, तो कशालाही न घासता आरपार गेला. नट तिने बोटांनी फिरवला. पाना त्याने लावला, सगळ्यांना, क्रमाने, कोपऱ्यापासून.

मग तिने टाच आपटून पाहिली. मग नवऱ्याला फोन केला. ‘सांगून टाका त्यांना, आपण येत नाही,’ ती म्हणाली आणि पडद्यांची मापं घ्यायला लागली.

भिंगरी काही बदललेला नाही. भिंती त्यानेच घातल्या, बसून काम करायचं ते उकिडवं बसून केलं, आणि खोली पुरी झाली त्या दिवशी आत जाऊन काय करायचं हे त्याला कळेना, म्हणून दार उघडून-लावून पाहत राहिला. दार लागत होतं. जेवण अजून उभ्यानेच. नात झोपेना की तिला घेऊन तो वरच्या खोलीत फेऱ्या मारतो, आणि मेहुणा म्हणाला होता तसा खाली ढोल वाजतो. मेहुणा काठीने छताला ठोकतो. छताला, म्हणजे स्वतःच्या घराच्या. मधल्या फटीमुळे वर काही पोचत नाही, तरी ठोकतो.

सकाळी चहाआधी भिंगरी घराभोवती एक चक्कर मारतो. एकेका खांबाच्या पायाशी वाकतो, नटांवरून हात फिरवतो. पाना खिशात असतो. लावत नाही.